वयात येण्याचा कालखंड : संप्रेरकांचा अंमल आणि समाजाचा निवाडा

जन्म आणि मृत्यू यांची नोंद सरकारी दप्तरात तारीखवार होते, विवाहाचीही होते. परंतु या तिहींच्या मध्यंतरी मनुष्याच्या शरीरात आणि मनात जो सर्वांत मोठा फेरफार घडून येतो, ज्यावाचून पुढल्या पिढीचा जन्मच संभवत नाही, त्या वयात येण्याच्या घटनेला कोणत्याही रजिस्टरात रकाना नाही. यात कारकुनांची हयगय नाही. त्या घटनेचे स्वरूपच असे आहे की ती कोणत्याही एका दिवशी घडत नाही. चार-पाच वर्षांच्या अवधीत, बहुतांशी ठरलेल्या क्रमाने परंतु प्रत्येक मुलात निराळ्या वेगाने, ती हप्त्याहप्त्याने घडते, आणि शरीराचा हप्ता पुरा झाला म्हणजे मनाचाही झाला असे मुळीच नसते. तथापि समाजाला तारीख लागते. मुलीला न्हाण आले की ती मोठी झाली, मुलाला मिसरूड फुटले की तो बाप्या झाला, असा लोकांचा हिशेब असतो. आणि कायद्यालाही कोठे तरी एक आकडा लिहावाच लागतो. निसर्गाचा हा दीर्घ क्रम आणि समाजाची ही एकदिवसी मोजणी यांच्यातील विसंगतीतून या वयाची बरीचशी दुःखे उत्पन्न होतात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते तपासून पाहण्यासाठी प्रथम शरीरशास्त्राने या विषयात काय मिळवले आहे, याचा आढावा घेणे इष्ट होईल.

या शास्त्राचा इतिहास कोंबड्यांपासून सुरू होतो. बैल खच्ची केला की त्याचे वशिंड, त्याचा आवाज आणि त्याचा स्वभाव वळूपेक्षा निराळा होतो, हे शेतकऱ्याला कोणत्याही प्रयोगशाळेवाचून ठाऊक होते. परंतु वृषण शरीरावर आपला अंमल नेमका कोणत्या मार्गाने चालवतो, हे कोणालाच सांगता येत नव्हते. १८४९ साली जर्मनीतील गोटिंगेन येथील प्राध्यापक आर्नोल्ड बर्थोल्ड यांनी सहा कोवळे कोंबडे घेऊन प्रयोग केला. त्यांपैकी ज्यांचे वृषण काढून टाकले, त्यांचा तुरा लहान आणि फिका राहिला, त्यांना धड आरवता येईना आणि झुंजण्याची उमेदही त्यांच्यात दिसेना. ज्यांच्या उदरपोकळीत वृषण पुन्हा बसवला, ते मात्र यथाकाल आरवू लागले, तलंगांच्या मागे धावू लागले आणि आपल्या जातभाईंशी भांडू लागले. पुढे त्यांचे शवविच्छेदन केले तेव्हा असे दिसून आले की, बसवलेल्या वृषणाला नव्या रक्तवाहिन्या फुटल्या होत्या, परंतु मज्जातंतूंशी असलेला त्याचा जुना संबंध तुटलेलाच राहिला होता. म्हणजे जो काही हुकूम जात होता तो रक्तावाटे जात होता. या प्रयोगावरील त्यांच्या छोट्याशा निबंधाकडे त्या काळी फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. अशा रीतीने रक्तातून प्रवास करून दूरच्या अवयवाला प्रेरणा देणाऱ्या द्रव्यांना आज आपण संप्रेरके म्हणतो. त्यांना हार्मोन हे नाव लंडनच्या अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९०५ साली, म्हणजे बर्थोल्ड यांच्या प्रयोगानंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळाने दिले.

त्यानंतर रसायनशास्त्रज्ञांची धावपळ सुरू झाली. १९२९ साली अमेरिकेत एडवर्ड डॉइझी आणि जर्मनीत आडोल्फ बुटेनांट यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे गर्भवती स्त्रियांच्या मूत्रातून इस्ट्रोन हे स्त्री-संप्रेरक शुद्ध स्वरूपात वेगळे काढले. १९३१ साली बुटेनांट यांनी बर्लिनच्या पोलीस शिपायांचे हजारो लिटर मूत्र गोळा करून त्यातून पुरुष-संप्रेरकांच्या वर्गातील एक द्रव्य मिळवले, तेही अवघे काही मिलिग्रॅम. आणि १९३५ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे अर्न्स्ट लाकर यांच्या प्रयोगशाळेत वळूंच्या वृषणांतून टेस्टोस्टेरॉन हाती आले.

द्रव्ये हाती आली, परंतु मुख्य प्रश्न तसाच राहिला. ही द्रव्ये निर्माण करण्याची पात्रता अंडाशयाच्या आणि वृषणाच्या अंगी बालपणीही असते. मग ती आठ-दहा वर्षे गप्प का बसतात, आणि त्यांना जागे कोण करते? कवटीच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी, जिला डॉक्टर मंडळी पिट्युइटरी म्हणतात, तिच्याकडे प्रथम बोट दाखवण्यात आले. परंतु १९५२ साली जेफ्री हॅरिस आणि डोरा याकोबसोन यांनी नवजात उंदरांच्या पोष ग्रंथी काढून त्या, ज्यांची स्वतःची ग्रंथी काढून टाकली होती अशा प्रौढ माद्यांच्या मेंदूखाली बसवल्या, तेव्हा त्या बाल्यावस्थेतील ग्रंथी प्रौढ ग्रंथीसारख्या काम करू लागल्या आणि माद्यांचे ऋतुचक्र पूर्ववत सुरू झाले. यावरून अपक्वता ग्रंथीत नव्हती, तिला वरून येणाऱ्या आज्ञेत होती, हे सिद्ध झाले. ती आज्ञा मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागातून येते. अँड्र्यू शॅली यांनी डुकरांच्या आणि रोजे गिलमँ यांनी मेंढ्यांच्या लक्षावधी मेंदूंचे अर्क काढून १९७१ च्या सुमारास तिचे रासायनिक स्वरूप शोधले. ते केवळ दहा अमिनो आम्लांच्या लहानशा साखळीचे निघाले, आणि १९७७ मध्ये त्या दोघांनाही नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

या कथेतील सर्वांत उद्बोधक प्रयोग मात्र अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे अर्न्स्ट क्नोबिल आणि त्यांचे सहकारी यांनी माकडिणींवर केला. हायपोथॅलॅमसचे हेच संप्रेरक शिरेतून अखंड धारेने दिले असता पोष ग्रंथी काही काळाने स्तब्ध होते, आणि तासाला एक याप्रमाणे थांबून थांबून दिले असता ती उत्तम काम करते, असे त्यांनी १९७८ मध्ये दाखवले. म्हणजे आज्ञेच्या मजकुराइतकेच महत्त्व तिच्या लयीला होते. पुढे १९८० मध्ये त्यांनी अद्याप वयात न आलेल्या माकडिणींना याच लयीने ते संप्रेरक दिले. त्या पिलांना ऋतुचक्र सुरू झाले, बीजोत्सर्गही होऊ लागला. आणि संप्रेरक बंद करताच त्या पुन्हा बाल्यावस्थेत परतल्या. शरीराची सारी यंत्रसामग्री केव्हाच सज्ज असते, केवळ मेंदूकडून इशारा यावयाचा असतो, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता असणार? अखंड धारेने ग्रंथी स्तब्ध होते या शोधाचा व्यवहारातही उपयोग झाला. सहाव्या-सातव्या वर्षीच वयात येऊ लागलेल्या मुलींना आज जी इंजेक्शने देऊन हा क्रम काही वर्षे थोपवून धरतात, त्यांची युक्ती हीच आहे.

जुन्या मुलकी कारभाराची उपमा द्यावयाची तर हायपोथॅलॅमस ही हुजूर कचेरी, पोष ग्रंथी ही मामलेदाराची कचेरी, आणि अंडाशय किंवा वृषण हा गाव. हुजुरातून ठरावीक अंतराने हुकूम सुटतो. मामलेदार तो एल.एच. आणि एफ.एस.एच. या दोन संप्रेरकांच्या परवान्यांनी गावी पोचवतो. आणि गावात निर्माण झालेले इस्ट्रोजेन किंवा टेस्टोस्टेरॉन उलट टपालाने वर जाऊन, वसूल पुरेसा झाला असल्यास, पुढील हुकुमांना आळा घालते. ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, हा कारभार वयात येताना प्रथमच सुरू होतो असे नाही. गर्भावस्थेत आणि जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत तो एकदा चालू होऊन गेलेला असतो. नंतर मेंदूच त्याला तहकुबी देतो, आणि आठ-दहा वर्षांनी ती तहकुबी उठते. आरंभी हे हुकूम रात्री, मूल गाढ झोपेत असताना सुटतात. पुढे ते दिवसाही सुटू लागतात. तेव्हा आईबापांच्या दृष्टीला पहिली खूण दिसण्यापूर्वी कित्येक महिने हे काम रात्रीच्या वेळी सुरू झालेले असते.

तहकुबी कोण उठवते, या प्रश्नाचे उत्तर अंशतः १९९६ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील हर्शी या गावी, कर्करोगाच्या संशोधनातून, सापडले. तेथील शास्त्रज्ञांनी शोधलेल्या एका जनुकाचे नाव त्या गावच्या प्रसिद्ध चॉकलेटावरून ठेवले गेले, आणि त्यापासून बनणाऱ्या द्रव्याला पुढे किसपेप्टिन म्हणू लागले. त्याचा तारुण्याशी काही संबंध असेल असे तेव्हा कोणाच्या स्वप्नीही नव्हते. २००३ साली फ्रान्समधील आणि बोस्टनमधील दोन गटांनी, ज्यांच्या घराण्यात काही माणसे वयात येतच नाहीत अशा कुटुंबांची तपासणी केली, तेव्हा किसपेप्टिनचा संदेश स्वीकारणारा रेणूच त्यांच्यात सदोष आढळला. याच्या जोडीला दुसरा साक्षीदार आहे तो चरबीत तयार होणारे लेप्टिन, जे १९९४ मध्ये सापडले. शरीरात पुरेसा साठा आहे, गर्भ पोसण्याइतकी शिल्लक आहे, असा दाखला ते मेंदूला देते. ज्यांच्यात ते जन्मतः नसते ती मुले अतिशय स्थूल असूनही वयात येत नाहीत. मात्र लेप्टिन मुभा देते, हुकूम देत नाही. नुसते लेप्टिन वाढवून कोणालाही अकाली तारुण्य आणता येत नाही.

आणखी एक कारभार या सर्वांहून स्वतंत्र चालतो, त्याची दखल सहसा घेतली जात नाही. मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी सहाव्या ते आठव्या वर्षाच्या सुमारास सौम्य पुरुष-संप्रेरके अधिक प्रमाणात स्रवू लागतात. घामाला मोठ्या माणसासारखा वास येणे, कपाळावर एखादी पुटकुळी उठणे, पुढे काखेत आणि जांघेत केस येणे, हा बराचसा त्यांचा परिणाम होय. केवळ घामाचा वास आला म्हणून पोर वयात आले असे समजून घाबरून जाणाऱ्या आईला हा भेद सांगितला पाहिजे.

मुलींमध्ये खरा आरंभ साधारणतः आठ ते तेरा या वयात, छातीवर स्तनाग्राखाली एक कठीण, काहीशी दुखरी गाठ लागण्याने होतो. कित्येकदा ती प्रथम एकाच बाजूला लागते आणि घरात निष्कारण काळजी पसरते. त्यानंतर केस येतात, उंची झपाट्याने वाढते, कंबर रुंद होते, आणि हे सर्व बरेचसे पार पडल्यावर, पहिल्या खुणेपासून सुमारे दोन-अडीच वर्षांनी, पहिली पाळी येते. म्हणजे लोक ज्याला प्रारंभ समजतात तो वस्तुतः उत्तरार्ध आहे. पाळी येते तेव्हा उंचीच्या वाढीचा जोर ओसरलेला असतो. आणि तो शेवटही नव्हे. पहिली एक-दोन वर्षे पाळी अनियमित असते, अनेकदा तीत बीजोत्सर्गच होत नसतो, आणि कटीरास्थीची म्हणजे जननमार्गाभोवतीच्या हाडांची वाढ तर त्यापुढेही चालू राहते. सुश्रुतसंहितेने आर्तवाचा आरंभ बाराव्या वर्षी सांगितला, परंतु गर्भधारणेस योग्य वय स्त्रीचे सोळा आणि पुरुषाचे पंचवीस असे ठरवले, आणि त्याआधीच्या गर्भाला धोका असतो असे बजावले. बारा आणि सोळा या दोन आकड्यांतील अंतर आपल्या पूर्वजांना माहीत होते. पुढे त्याचा विसर पडला.

मुलांमध्ये आरंभ नऊ ते चौदा या वयात होतो, आणि पहिली खूण अशी की ती ना मुलाच्या ध्यानी येते ना बापाच्या: वृषणांचा आकार वाढू लागतो. झुरिकचे डॉक्टर आंद्रेआ प्राडर यांनी १९६६ मध्ये त्याच्या मोजणीसाठी लाकडी मण्यांची एक माळ प्रचारात आणली. एक मिलिलिटरपासून पंचवीस मिलिलिटरपर्यंत चढत्या आकाराचे बारा लंबगोल मणी तीत ओवलेले असतात. डॉक्टर एका हाताने वृषण आणि दुसऱ्या हाताने मणी चाचपतो, आणि चार मिलिलिटरचा मणी जुळला की नव्या अवस्थेचा आरंभ झाला असे लिहितो. रक्ततपासणीची महागडी यंत्रे आली तरी ही माळ बालरोगतज्ज्ञांच्या टेबलावरून हललेली नाही. त्यानंतर यथाक्रम शिश्नाची वाढ, केस, रेतोत्पत्ती, उंचीची झेप, कंठमणी पुढे येणे, आवाज फुटणे आणि सर्वांत शेवटी दाढीमिशा. बऱ्याच मुलांच्या छातीवर या काळात थोडा उंचवटा येतो आणि एक-दोन वर्षांत आपोआप जिरतो. परंतु तेवढ्या काळात तो मुलगा पोहायला जाणे सोडतो आणि कारण कोणाला सांगत नाही.

या साऱ्या क्रमाचे पाच टप्पे पाडण्याचे श्रेय लंडनचे जेम्स टॅनर यांना आहे. लंडनजवळच्या हार्पेंडेन येथील बालकाश्रमातील मुलामुलींची वर्षानुवर्षे मोजमापे आणि छायाचित्रे घेऊन १९६९ आणि १९७० मध्ये त्यांनी विल्यम मार्शल यांच्यासह जे निबंध प्रसिद्ध केले, त्यांतील टप्पे आजही जगभरच्या दवाखान्यांत वापरले जातात. त्या निबंधांतील खरी शिकवण अशी की, क्रम बहुतेकांत सारखा असला तरी वेळ आणि वेग यांत चार-पाच वर्षांचा फरक असूनही सारीच मुले निरोगी असू शकतात. सातवीच्या एकाच बाकावर बसलेल्या दोन मुलांपैकी एकाचा आवाज घोगरा आणि दुसऱ्याचा अजून पातळ असेल, तर दोघांपैकी कोणीही आजारी नसतो.

उंचीविषयी एक चमत्कारिक गोष्ट बऱ्याच उशिरा स्पष्ट झाली. मुलांच्या हाडांची वाढ टेस्टोस्टेरॉन थांबवते असा समज होता. १९९४ मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी अठ्ठावीस वर्षांच्या एका पुरुषाची हकिकत प्रसिद्ध केली. दाढी, आवाज, सारे यथास्थित. परंतु उंची २०४ सेंटिमीटर असूनही तो अजून वाढतच होता, आणि त्याची हाडे ठिसूळ होती. त्याच्यात टेस्टोस्टेरॉन भरपूर होते. इस्ट्रोजेनचा संदेश स्वीकारण्याची शक्ती मात्र नव्हती. सारांश, हाडांच्या टोकांजवळचे वाढीचे थर बंद करण्याचे काम पुरुषातही इस्ट्रोजेनच करते. एक संप्रेरक पुरुषांचे आणि दुसरे स्त्रियांचे अशी सरसकट वाटणी निसर्गाने केलेली नाही. दोन्ही दोघांत असतात, प्रमाण निराळे असते. मुली लवकर वाढीस लागतात म्हणून पाचवी-सहावीत मुलांपेक्षा उंच दिसतात. मुलांना बालपणाच्या संथ वाढीची सुमारे दोन वर्षे जास्त मिळतात आणि शिवाय त्यांची झेपही मोठी असते, म्हणून सरतेशेवटी ते सरासरीने बारा-तेरा सेंटिमीटर पुढे जातात.

हा क्रम कोणत्या वयी सुरू होतो हे शतकागणिक बदलत आले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर उत्तर युरोपात पहिली पाळी सोळाव्या-सतराव्या वर्षी येई; विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती तेराव्या वर्षावर आली, आणि याचे श्रेय मुख्यतः अन्न, स्वच्छता आणि घटलेल्या रोगराईला दिले जाते. त्यानंतरची घट निराळ्या प्रकारची आहे. कोपनहेगन येथील मुलींच्या पाहणीत १९९१ ते २००६ या पंधरा वर्षांत स्तनवाढीचा आरंभ जवळजवळ एक वर्षाने अलीकडे आला, परंतु पहिल्या पाळीचे वय केवळ तीन-चार महिन्यांनी घटले. म्हणजे मार्ग अधिक लवकर सुरू होऊन अधिक लांबला. स्थूलता हे त्याचे एक कारण मानले जाते. प्लास्टिक आदी पदार्थांतील संप्रेरकसदृश द्रव्यांवरही संशय आहे, परंतु त्यांच्याविरुद्धची फिर्याद अद्याप शाबीत झालेली नाही. भारतातून स्वीडनमध्ये दत्तक गेलेल्या मुलींच्या १९९१ मधील अभ्यासात पहिल्या पाळीचे मध्यम वय ११.६ वर्षे निघाले. आरंभीचे कुपोषण आणि नंतरचे एकाएकी मिळालेले भरपूर अन्न यांच्या जोडीने हे घड्याळ पुढे सरकते, असा त्यावरून तर्क केला गेला. कोविडच्या टाळेबंदीत अकाली वयात येणाऱ्या मुलींची संख्या वाढल्याचे इटलीतील डॉक्टरांनी नोंदवले, आणि पुण्याच्या डॉक्टरांनाही तोच अनुभव आला.

आता मनाकडे वळू. १९०४ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली हॉल यांनी किशोरवयावर दोन जाडजूड खंड लिहून, हे वय म्हणजे वादळाचे वय, असा सिद्धांत मांडला. १९२८ मध्ये मार्गारेट मीड यांनी सामोआ बेटावरील मुली हे वय विनासायास पार करतात असे सांगून वादळाचे खापर समाजावर फोडले. १९८३ मध्ये डेरेक फ्रीमन यांनी मीड यांची माहितीच चुकीची असल्याचा दावा केला. या वादाचा पूर्ण निकाल लागला नसला तरी नंतरच्या संशोधनाचा कल मध्यम मार्गाकडे आहे. बहुसंख्य मुले या वयातून मोठ्या संकटावाचून पार पडतात. आणि रक्तातील संप्रेरकांचे प्रमाण व त्या दिवसाचा राग किंवा रडू यांची थेट सांगड घालू गेल्यास ती फारच क्षीण निघते. आईने हाक मारली आणि मुलगी दार आपटून आत गेली, यात सारा दोष इस्ट्रोजेनचा काढणे हे वकिलाच्या सोयीचे आहे, शास्त्राच्या नव्हे.

संप्रेरकांचे मनावरील खरे कार्य अधिक खोल आणि अधिक सावकाश असते. १९९९ मध्ये अमेरिकेतील जे गीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच ती मुले वर्षावर्षाने एम.आर.आय. यंत्रात ठेवून दाखवले की, मेंदूच्या पुढल्या भागातील करडे द्रव्य अकराव्या-बाराव्या वर्षापर्यंत वाढते आणि नंतर अनावश्यक जोडण्यांची छाटणी होत होत घटू लागते. ही छाटणी विशीत गेल्यावरच पुरी होते. उलट सुखाची ओढ, नावीन्याची हौस, बरोबरीच्यांच्या नजरेची आस यांच्याशी संबंध असलेली केंद्रे वयात येताक्षणी सजग होतात. २००५ मध्ये मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी मोटार हाकण्याचा एक खेळ तीन वयोगटांना खेळायला दिला. एकटी असताना पोरे प्रौढांहून फारशी बेपर्वा निघाली नाहीत. दोन मित्र शेजारी उभे राहिले की पोरांची बेपर्वाई वाढली, प्रौढांची मुळीच नाही. तेव्हा या वयात अक्कल नसते असे म्हणणे अन्यायाचे होईल. अक्कल असते, परंतु चारचौघांदेखत ती टिकवण्याचे बळ अद्याप आलेले नसते. गद्धेपंचविशीची मर्यादा आपल्या भाषेने पंचविसावर आणून ठेवली आहे, तीही या मोजमापांशी विसंगत नाही.

झोपेचेही असेच आहे. वयात येताना निद्रेला आमंत्रण देणारे मेलाटोनिन रात्री अधिक उशिरा स्रवू लागते, असे मेरी कार्स्केडन यांच्या संशोधनाने दाखवले. म्हणून आठवीतले पोर रात्री अकराला टक्क जागे असते आणि सकाळी साडेसहाला उठता उठत नाही. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये सकाळी नऊपूर्वी वर्ग न भरवण्याची तजवीज केली ती चौथीपर्यंतच्या मुलांसाठी. ज्यांच्या झोपेचे घड्याळ खरोखरच पुढे सरकलेले असते, त्या वरच्या इयत्ता तिच्या बाहेर राहिल्या.

मनाला खरा जाच होतो तो शरीर आणि वय यांचे गणित चुकल्यामुळे, आणि येथेच समाजाचा निवाडा आड येतो. नऊ वर्षांच्या मुलीचे शरीर बाराव्या वर्षासारखे दिसू लागले की लोक तिच्याकडून बाराव्या वर्षाच्या समजुतीची अपेक्षा करतात, आणि रस्त्यावरच्या नजरा तर तेवढीही सबुरी दाखवत नाहीत. लवकर वयात आलेल्या मुलींमध्ये खिन्नतेचे प्रमाण अधिक आढळते, याचे कारण केवळ रक्तात शोधून चालणार नाही. बालपणी मुलगे आणि मुली यांच्यातील नैराश्याचे प्रमाण जवळजवळ सारखे असते. या वयानंतर ते मुलींत सुमारे दुप्पट होते. मुलांचे उलट: लवकर वाढलेला मुलगा कबड्डीच्या संघात पुढे असतो, आणि उशिरा वाढणारा बुटका, पातळ आवाजाचा मुलगा चेष्टेचा विषय होतो. त्यातच स्वप्नावस्थेत रेतस्खलन झाले म्हणजे शक्ती गेली, या भयाने आपल्याकडील कित्येक मुलगे खंगतात. १९६० मध्ये नरेंद्र विग यांनी या भयाचे वैद्यकीय वर्णन केले; रेल्वेमार्गालगतच्या भिंतींवरील गुप्तरोगाच्या जाहिरातींचा धंदा आजही त्याच भयावर चालतो.

महाराष्ट्राचा इतिहास या एकदिवसी मोजणीचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. पहिल्या न्हाणाला मुलीला मखरात बसवावे, सवाष्णींनी ओटी भरावी, गोडधोड व्हावे आणि फलशोभनाचा, म्हणजे गर्भाधानाचा, मुहूर्त धरावा, ही जुनी रीत. आणि त्याच मुलीने पुढच्या महिन्यापासून तीन दिवस बाजूला बसावे, देवघराला आणि लोणच्याच्या बरणीला हात लावू नये, हीही रीतच. गडचिरोलीच्या माडिया वस्त्यांतील कुर्माघर, म्हणजे पाळीच्या दिवसांत बायकांनी राहावयाची वेगळी झोपडी, हे त्याचेच अधिक कठोर रूप. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने दहाची मर्यादा बारावर नेली तेव्हा पुण्या-मुंबईत जे रण माजले, त्यात विरोधी पक्षाची मुख्य कैफियत अशी होती की, बाराच्या आत ऋतू प्राप्त झाल्यास गर्भाधानाचा संस्कार वेळेवर करता येणार नाही. टिळकांचा आक्षेप परक्या सरकारच्या हस्तक्षेपाला होता, तर रानडे, भांडारकर आणि आगरकर कायद्याच्या बाजूचे होते. त्यापूर्वीच अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नवऱ्याच्या घरी जाण्यापेक्षा तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली होती. आणि आनंदीबाई जोशी यांना चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत दगावले होते. सारा वाद एका रक्तस्रावाच्या तारखेभोवती फिरला. ती तारीख शरीराची तयारी सिद्ध करत नाही, हे सांगणारा सुश्रुत कपाटातच राहिला.

ही कोंडी फोडण्याचा प्रामाणिक यत्न रघुनाथ धोंडो कर्वे यांनी केला. १९२७ पासून १९५३ पर्यंत, म्हणजे आपल्या मृत्यूपर्यंत, त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले, अश्लीलतेच्या खटल्यांत दंड भरला, आणि १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. वाचकांच्या शंकांना सरळ, शास्त्रीय उत्तर देणे एवढाच त्यांचा अपराध होता. त्यानंतर पाऊण शतक लोटत असता, २००७ मध्ये किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम ज्या राज्यांनी बंद केला त्यांत महाराष्ट्रही होता. २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आला, सरकारी रुग्णालयांत 'मैत्री' केंद्रे उघडली. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातील वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्क्यांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले, आणि देशातील पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींपैकी ५९.१ टक्के रक्तक्षयाने ग्रस्त होत्या. ज्या वयात हाडे भरावयाची, रक्त वाढवावयाचे आणि दर महिन्याला गेलेले लोह भरून काढावयाचे, त्याच वयात घरातल्या ताटांत सर्वांत शेवटचे ताट मुलीचे असते. संप्रेरके आपला हुकूम बजावतात, परंतु सामान पुरवणे हे घराचे काम आहे.

या सर्व आढाव्यातून जो निष्कर्ष निघतो तो असा. संप्रेरके क्रम ठरवतात, आनुवंशिकता आणि अन्न मिळून वेळ ठरवतात, आणि त्या बदलाचा भार हलका की जड हे मात्र सभोवतालची माणसे ठरवतात. कायद्याला आकडा लागतो, आणि अठराचा आकडा पहिल्या पाळीपासून दूर ठेवला गेला हे योग्यच झाले. परंतु घराला आणि शाळेला आकड्याची सबब सांगता येणार नाही. शरीरातील बदल आठव्या-नवव्या वर्षी सुरू होऊ शकतात, म्हणजे तिसरी-चौथीत. आणि मानवी प्रजननसंस्थेचा सविस्तर पाठ राज्याच्या पाठ्यपुस्तकात येतो दहावीत, जेव्हा वर्गातल्या जवळजवळ सर्व मुलींना पाळी येऊन कित्येक वर्षे झालेली असतात आणि निम्म्याहून अधिक मुलांचा आवाज फुटलेला असतो. माहिती घटनेच्या आधी पोचली तर ती माहिती. नंतर पोचली तर तो केवळ खुलासा. तेव्हा हा पाठ चौथीत आणणे, तो मुलींना आणि मुलांना दोघांनाही शिकवणे, आणि तो शिकवणाऱ्या शिक्षकाला पालकांच्या तक्रारीपासून संरक्षण देणे, एवढी तीन कामे शासनाने केली तरी कर्व्यांनी ज्यासाठी दंड भरला त्याचा काही अंश वसूल होईल.